वडिलांचा जुना फ्लॅश आणि तुझा नवा कॅमेरा

कागलहून एका मुलीनं विचारलंय. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर कपाटात त्यांचा विविटार २८३ फ्लॅश सापडला, सिंक कॉर्डसकट (कॅमेरा आणि फ्लॅश जोडायची तार). तिच्याकडे निकॉन डी५६०० आहे. बारसं, साखरपुडा अशा छोट्या ऑर्डरी ती घेते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत, नीट बसतो. एक ओळखीचा फोटोग्राफर म्हणतो बिनधास्त लाव, दुसरा म्हणतो कॅमेरा जळेल. कुणाचं ऐकू, असा प्रश्न आहे.

पोरी, तूर्त दोघांचंही ऐकू नकोस. तुझ्या हातातला तो फ्लॅश त्या दोघांपैकी कुणीच मोजलेला नाही. मोजल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि मोजून होईपर्यंत तो कॅमेऱ्यावर सरकवायचा नाही. नुसता बसतो का ते बघायलासुद्धा नाही. एकदा बसवून बघितलास तेव्हा त्यात सेल नव्हते, हे नशीब.

हॉट शूचं माप फार जुनं आहे. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा फ्लॅश आजच्या बॉडीवर सहज सरकतो आणि सगळी फसगत इथेच होते. माप जुळलं तरी आतली वीज जुळेलच असं नाही.

फ्लॅश चालू केल्यावर जो बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो, तो आतल्या सर्किटचा. चार सेलच्या सहा व्होल्टचे तिथे तीनशे-सव्वातीनशे व्होल्ट केले जातात आणि ते एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याच्या शेजारी एक छोटा कपॅसिटर असतो, ट्रिगरचा. कॅमेऱ्यानं मधली पिन आणि शूची कड एकमेकांना जोडली, की हा छोटा कपॅसिटर एका कॉइलमधून रिकामा होतो, कॉइल काही हजार व्होल्टचा झटका नळीवरच्या तारेला देते, नळीतला झेनॉन वायू पेटतो आणि मोठ्या कपॅसिटरमधली सगळी वीज त्यातून एकदम वाहते. तोच आपला लखलखाट.

जुन्या फ्लॅशमध्ये हा छोटा कपॅसिटर थेट मधल्या पिनेवर आणून जोडलेला असायचा. म्हणजे त्या पिनेवर दोनशे-अडीचशे व्होल्ट सतत उभे. तुझ्या वडिलांच्या रोलच्या कॅमेऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही. तिथे शटर उघडलं की आत पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, दिव्याच्या बटणासारख्या. फार तर त्यांची टोकं काळी पडायची, मग आम्ही ती बारीक पॉलिश पेपरनं घासायचो. डिजिटल कॅमेऱ्यात पितळेच्या पट्ट्या नाहीत. तिथे ते काम एक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो, आणि त्याला सोसेल तेवढंच त्याला सोसतं.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. पहिला डिजिटल एसएलआर घेतला तेव्हा नव्या फ्लॅशला पैसे उरले नव्हते. जुना फ्लॅश होता, तो लावला. दुकानात दहा-बारा फोटो काढले, सगळे छान आले. त्याच भरवशावर दोन बारशी केली, एक वाढदिवस केला. तिसऱ्या आठवड्यात राजारामपुरीत एका लग्नात, अक्षता पडायच्या आधी पाच मिनिटं, फ्लॅश आपोआप उडायला लागला. कॅमेऱ्याच्या बटणाला हात नाही, तरी रेडी लॅम्प लागला की फट्, पुन्हा भरला की फट्. फ्लॅश काढून दुसऱ्याचा लावून बघितला, तोही तसाच. कॅमेऱ्यातला स्विच कायमचा जोडलेल्या अवस्थेत चिकटला होता. बॉडीनं पुढे फोटो काढले, पण त्या शूवर फ्लॅश पुन्हा कधी चालला नाही. अक्षतांचे फोटो मी हॉलच्या ट्यूबलाइटवर काढले. त्या घरच्यांच्या अल्बममध्ये ते आजही तसेच पिवळे-हिरवे आहेत, आणि त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून ‘मी दहा फोटो काढले, काही झालं नाही’ हा दाखला मी मानत नाही. तो स्विच कधी पहिल्याच झटक्याला जातो, तर कधी रोज थोडा थोडा मार खाऊन तिसऱ्या आठवड्यात जातो. बिनधास्त लाव म्हणणाऱ्याला विचार, किती महिने लावलास आणि कुठल्या बॉडीवर.

आता मोजायचं कसं. डिजिटल मल्टिमीटर घे. तुझ्याकडे नसेल तर गल्लीतल्या वायरमनकडे असतोच. डीसी व्होल्टवर ६०० किंवा १००० ची रेंज लाव. फ्लॅशमध्ये नवे कोरे सेल घाल. उतरलेल्या सेलवर मोजलेला आकडा कामाचा नाही. फ्लॅश चालू कर, रेडी लॅम्प लागू दे आणि वर आणखी अर्धा मिनिट थांब. लायटीचं तोंड भिंतीकडे ठेव, डोळ्यांकडे नको. फ्लॅशच्या पायाखाली बरोबर मध्ये जी गोल पिन आहे तिला लाल प्रोब, आणि पायाच्या कडेला जो धातू शूच्या पट्टीला घासतो त्याला काळा. काही फ्लॅशचा पाय प्लास्टिकचा असतो, तिथे कडेच्या खाचेत एक छोटी पत्र्याची पट्टी सापडते. दोन प्रोब एकमेकांना टेकू देऊ नकोस, टेकले की फ्लॅश उडतो. बोटं प्रोबच्या प्लास्टिकवरच हवीत. पिनेला आणि कडेला एकदम बोट लागलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या येणारा शॉक बसतो.

माझ्या टेबलावर मागच्या महिन्यात असाच एक २८३ आला होता. प्रोब लावले, आकडा १८० वर आला, २११ झाला, हळूहळू २३६ वर जाऊन थांबला. ज्याचा होता तो मुलगा म्हणाला, “काका, निकॉनच्या पुस्तकात २५० लिहिलंय, म्हणजे चालतंय की!” इथे नीट लक्ष दे. बहुतेक डिजिटल मीटर स्वतः एक कोटी ओहमचा असतो, आणि फ्लॅशमध्ये ट्रिगरचा कपॅसिटर लाखो ओहमच्या रेझिस्टरमधून भरला जातो. मीटर लावला की तो मीटरच थोडी वीज पितो आणि आकडा खाली ओढतो. आतला रेझिस्टर समजा २२ लाख ओहमचा असेल, तर मीटरवर २३६ दिसताना खरा व्होल्टेज २८८ च्या आसपास असतो. मीटर काढून फ्लॅश कॅमेऱ्यावर लावलास, की कॅमेऱ्याला सोसायचे असतात ते २८८. काट्याच्या जुन्या मीटरवर तर आकडा याहूनही खाली दिसतो, त्यामुळे त्यावर मोजूच नये. आकडा मोठा दिसला तर खरा त्याहून मोठा आहे, असं धरूनच चालायचं.

आणि आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह दिसलं तर? आधी प्रोब उलटे लागलेत का बघ. नीट लावूनही वजा येत असेल तर त्या फ्लॅशची पिन उलटी आहे. असा फ्लॅश व्होल्टेज कितीही कमी असला तरी डिजिटल बॉडीवर लावायचा नाही. निकॉननं आपल्या पुस्तकात २५० च्या वरचा आणि उलटा, दोन्ही व्होल्टेज एकाच वाक्यात नाकारलेत.

कंपन्यांचे आकडे एकसारखे नाहीत, याचा गोंधळ फार होतो. निकॉन २५० सांगतं. फुजीच्या पुस्तकात ३०० आहे. ऑलिम्पसनं २४ च्या वरचा जुना फ्लॅश कॅमेरा बिघडवेल असं स्पष्ट लिहिलंय. कॅनन सिंक कॉर्डच्या भोकासाठी २५० ची मर्यादा सांगतं, पण हॉट शूवर जास्त व्होल्टेजचा फ्लॅश लावू नका, असंही बजावतं. कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल बॉड्या, ३००डी वगैरे, तर सहा व्होल्टच्या वर नकोच, अशा होत्या. १९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकात हाच आकडा २४ धरलाय.

मी स्वतः २४ ची रेघ पाळतो, बॉडी कुठलीही असो. मीटरवर दहाच्या आत आला तर निर्धास्त लाव. दहा ते चोवीसमध्ये आला तर कॅमेऱ्याचं पुस्तक वाचून लाव. त्याच्या वर गेला की तो फ्लॅश कॅमेऱ्याला तारेनं किंवा शूनं कधीच जोडायचा नाही, पुस्तकात २५० लिहिलं असलं तरी. पुस्तकातला आकडा नव्या बॉडीचा असतो. तुझी बॉडी किती पावसाळे काढलेली आहे आणि फ्लॅशच्या आतला माल किती जुना झालाय, ते त्या पुस्तकाला ठाऊक नाही.

विविटार २८३ बद्दल खास सांगायला हवं, कारण एकाच नावाचे दोन स्वभाव आहेत. जपानमध्ये बनलेल्या जुन्या फ्लॅशमध्ये दोनशेच्या वरचे आकडे येतात. नंतर कोरिया आणि चीनमध्ये बनलेले आले, त्यांत दहाच्या आसपास येतो. खाली कुठल्या देशाचं नाव आहे ते बघ, अंदाज येईल; पण अंदाजावर कॅमेरा पणाला लावू नकोस, मोज. याचाच भाऊ २८५एचव्ही. त्यातल्या एचव्हीला बघून लोक एक तर घाबरतात, नाही तर उलट समजतात. ती अक्षरं बाहेरून जोडायच्या जादा व्होल्टेजच्या बॅटरी पॅकसाठी आहेत, ट्रिगरच्या पिनेशी त्यांचा संबंध नाही.

तुझा आकडा मोठा आला असं धरू. तरी फ्लॅश फेकायचा नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचा, आणि खरं सांगायचं तर फ्लॅशची जागा तीच चांगली. कपाळावर मारलेल्या फ्लॅशनं चेहरा सपाट होतो.

पहिला मार्ग रेडिओ ट्रिगर. एक तुकडा कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशखाली, मधे तार नाही. फ्लॅशचे अडीचशे व्होल्ट त्या रिसीव्हरपाशीच थांबतात. ते रिसीव्हरला सोसतात का, हे मात्र त्याच्या माहितीपत्रकात बघूनच घे. काही रिसीव्हर ३०० पर्यंत चालतात, काही फक्त आजच्या फ्लॅशसाठीच बनलेले असतात. दुकानदाराला सरळ विचार, “ट्रिगर व्होल्टेज किती चालतो?” उत्तर आलं नाही तर दुसरा दाखव म्हण. आणि एक सापळा आहे, त्यात चांगले जाणते लोक अडकलेत. काही ट्रान्समीटरच्या डोक्यावरही हॉट शू असतो. वर फ्लॅश लावला की तो खालच्या कॅमेऱ्याला थेट जोडला जातो. ट्रान्समीटर मधे आहे म्हणून कॅमेरा वाचला, असं तिथे होत नाही. वडिलांचा फ्लॅश त्या शूवर कधीच नको.

दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि तुझ्या डी५६०० वर चांगला चालतो: प्रकाशावर उडणारा स्लेव्ह. बोटाएवढा असतो, फ्लॅशच्या पायाखाली लावायचा. दुसरा फ्लॅश चमकला की तो याला उडवतो. तुझ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश वर करायचा, मात्र मेन्यूत जाऊन तो टीटीएलवरून (कॅमेरा स्वतः चमकेची ताकद ठरवतो ती पद्धत) मॅन्युअलवर घे आणि ताकद अगदी कमी कर, १/३२. टीटीएलवर राहिला तर तो खऱ्या चमकेआधी एक छोटी चमक मारून अंतर-उजेड चाचपतो, आणि बिचारा स्लेव्ह त्या पहिल्या चमकेलाच फ्लॅश उडवून बसतो. फोटोत काहीच येत नाही. ‘स्लेव्ह खराब आहे’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या दहापैकी आठ तक्रारी याच असतात. दुसरी अडचण लग्नाच्या हॉलमध्ये: पाहुण्यांचे, व्हिडिओवाल्याच्या जोडीदाराचे, सगळ्यांचे फ्लॅश तुझा स्लेव्ह उडवत राहतात आणि तुझ्या क्षणाला तो रिकामा असतो. घरच्या बारशाला स्लेव्ह बरा, लग्नाला रेडिओ.

तिसरा मार्ग म्हणजे मधे बसणारा व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर. वाइन सेफ-सिंक हे त्यातलं जुनं नाव. ते फ्लॅशकडचे चारशे व्होल्टपर्यंत सोसून कॅमेऱ्याकडे सहाच्या आत ठेवतं. चांगली वस्तू आहे. पण आज आपल्याकडे त्याच्या किमतीत रेडिओ ट्रिगरची जोडी येते, तेव्हा मी तीच घ्यायला सांगेन.

सिंक कॉर्डचा मोह टाळ. वडिलांची आठवण म्हणून जपून ठेव, पण ती कॅमेऱ्याला जोडणारा अडॅप्टर शोधत फिरू नकोस. हेच जुन्या स्टुडिओच्या अंब्रेला लाइटला लागू. घरच्या मेनवर चालणारे, आपल्याकडे स्थानिक बनावटीचे असे पुष्कळ लाइट अजून कोपऱ्यात उभे आहेत. त्यांच्या सिंकच्या भोकात मोठे व्होल्टेज सापडतात आणि अर्थिंगचा भरवसा नसतो. त्यांनाही स्लेव्ह किंवा रेडिओ.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपलं कोल्हापूर हाताच्या कसबाचं गाव. इथे बाबुराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला, उद्यमनगरात आजही सुटा भाग दाखवला तर लेथवर तसाच दुसरा काढून देतात. त्यामुळे ‘उघडून बघू काय आहे ते’ ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. फ्लॅशच्या बाबतीत ती आवर. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की त्यात चोपन्न ज्यूल असतात, म्हणजे साडेपाच किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं एवढी ताकद, आणि ती हातातून छातीकडे एका क्षणात जाते. बटण बंद केलं, सेल काढले, तरी ती तिथेच राहते, कधी कित्येक तास. उडवून लगेच बंद केलेल्या फ्लॅशमध्येही थोडी उरते. माणूस मरू शकतो. मी आजवर खूप फ्लॅश उघडलेत, पण एक हात पाठीमागे ठेवून, कपॅसिटर रेझिस्टरमधून उतरवून आणि मीटरवर शून्य बघून. तू उघडू नकोस.

बाहेरून करायचं ते कर. सेलच्या खणात पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती गळलेल्या सेलची. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूस, मग साध्या पाण्याच्या ओलसर फडक्यानं, आणि दोन दिवस वाळू दे. बरीच वर्षं पडून राहिल्यावर मोठा कपॅसिटर आळसावतो. त्याला एकदम कामाला लावायचं नाही. सेल घालून चालू कर आणि जवळ बसून राहा. पहिल्यांदा रेडी लॅम्प लागायला मिनिट-दोन मिनिटंही लागतील. लागला की उडवू नकोस, अर्धा तास तसाच भरलेला ठेव, मग मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं पाच-सहा वेळा उडव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. भरायची वेळ कमी होत आठ-दहा सेकंदांवर आली तर कपॅसिटर जिवंत आहे. शिट्टी थांबतच नसेल, अंग गरम होत असेल, जळका किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर लगेच बंद करून सेल काढ, आणि तो फ्लॅश काचेच्या कपाटात वडिलांच्या फोटोशेजारी ठेव. पुन्हा चालू करू नकोस. २०१९ च्या किंवा २०२१ च्या महापुरात जो फ्लॅश पाण्याखाली गेला होता, तो तर चालूच करायचा नाही, वरून कितीही कोरडा दिसला तरी. शाहूपुरीतल्या मित्रांनी असे फ्लॅश माझ्याकडे आणले होते. आतल्या बोर्डावर पंचगंगेचा गाळ साखरेच्या पाकासारखा चिकटून सुकला होता.

सगळं नीट जमलं की वापरायचा कसा, तेही सांगतो, नाही तर पहिल्याच ऑर्डरीला काळा पट्टा येईल. कॅमेरा एम मोडवर. डी५६०० ची सिंकची हद्द, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग, १/२०० सेकंद आहे, पण स्वस्त रेडिओ ट्रिगर किंचित उशिरा पोहोचतात, म्हणून १/१२५ वर राहा. टीटीएल नाही, हाय स्पीड सिंक (त्या हद्दीपलीकडच्या वेगाला फ्लॅश चालवणं) नाही. २८३ चा गाइड नंबर, म्हणजे ज्याला अंतरानं भागलं की अॅपर्चर मिळतं तो ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला १२० फूट आहे: माणूस फ्लॅशपासून दहा फुटांवर असेल तर १२० भागिले १० म्हणजे १२, अॅपर्चर एफ/११. अंब्रेलातून मारलास तर दोनेक स्टॉप खाल्ले जातात, म्हणजे उजेड चौथाईवर येतो, एफ/५.६ ला ये. मोजायचं अंतर फ्लॅशपासूनचं, कॅमेऱ्यापासूनचं नाही. फ्लॅशच्या पुढच्या बाजूला जो छोटा गोल डोळा आहे, तो परतणारा उजेड बघून चमक आपोआप तोडतो. त्याच्या रंगीत खुणेला जे अॅपर्चर दिलंय ते कॅमेऱ्यावर ठेवलं की काम होतं. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब असला तरी तो डोळा माणसाकडेच असू दे.

डोकं वर करून छतावर मारताना छत बघ. जुन्या वाड्याचं लाकडी छत उजेड गिळतं, मांडवाचं गुलाबी कापड नवरीच्या गालाला गुलाबी करून ठेवतं. अशा ठिकाणी मी पांढरा थर्माकोलचा तुकडा नेतो, तीन बाय दोनचा, आणि कुणाला तरी धरायला लावतो. कोल्हापुरी साज जवळून घ्यायचा असेल तर हे करच. थेट फ्लॅशला साजाचं एकेक पान पांढरं फटक होतं, त्यावरचं बारीक काम दिसत नाही. थर्माकोलवरून आलेला उजेड त्याच पानांवर लांबट, मऊ पसरतो आणि सोनं सोन्याच्या रंगाचं दिसतं. तुझ्या वडिलांच्या २८३ चा हा उजेड आजच्या कुठल्याही महागड्या फ्लॅशच्या तोडीचा आहे.

मीटर मिळाला नाही तर रविवारी सकाळी फ्लॅश घेऊन कोल्हापूरला ये. नवे चार सेल तेवढे आण, आपण माझ्या टेबलावर मोजू. कॅमेरा बॅगेतच राहू दे.